‘भरती आहे’ची पोस्ट आणि चाकणचं फिक्श्चर

लिंक्डइनवर "मला अमुक माल हवाय" असं सहसा कोणी लिहीत नाही. ते लिहितात इंडियामार्टवर, आणि तिथे तीच चौकशी आणखी चार जणांकडे गेलेली असते. फोन लावला की पहिला प्रश्न, "लास्ट रेट काय?" आम्ही भोसरी एमआयडीसीत चेकिंग फिक्श्चर आणि गेज बनवतो, म्हणजे पार्ट बसवून त्याची मापं तपासायची साधनं. प्रत्येक पार्टचं फिक्श्चर वेगळं, ड्रॉइंग बघितल्याशिवाय किंमत सांगताच येत नाही. लास्ट रेट कुठून सांगणार?

मार्केटिंग माझ्याकडे आहे. मध्यंतरी एक एजन्सीवाला शेठना भेटून गेला. रोज शेकडो पर्चेस मॅनेजरना आपोआप मेसेज जातील, म्हणाला. शेठ जवळजवळ हो म्हणाले होते. मी विचारलं, "शेठ, तुम्हाला असे मेसेज येतात त्यांचं तुम्ही काय करता?" तो विषय तिथेच मिटला. बरं, असली ऑटोमॅटिक टूल्स वापरलेली लिंक्डइनला चालत नाहीत, अकाउंटच बंद करतात.

मी पर्चेसवाल्यांच्या वाटेला जात नाही. त्यांचा इनबॉक्स भरून वाहत असतो आणि त्यांना फिक्श्चरचा त्रास होत नाही. त्रास होतो क्वालिटी आणि एन्पीडीवाल्यांना (नवे पार्ट उत्पादनात आणणारे). म्हणून मी भरतीच्या जाहिराती वाचते. चाकण, रांजणगाव, तळेगाव. एखाद्या कंपनीला अचानक सीएमएम (मापं घेणारं मशीन) प्रोग्रॅमर आणि ‘पीपॅपचा अनुभव असलेला’ क्वालिटी इंजिनियर एकाच वेळी हवा असेल, तर तिथे नवा पार्ट आलाय. गाडीवाल्या कंपनीने पार्ट मंजूर केल्याशिवाय उत्पादन सुरू होत नाही, आणि मंजुरीच्या फाइलमध्ये, म्हणजे पीपॅपमध्ये, मोजमापाची साधनं भरवशाची आहेत याचा पुरावा लावावा लागतो. लिंक्डइनवर निम्मी जनता रोज कुठे ना कुठे ‘सन्मानित’ होत असते, तो भाग मी अंगठ्याने वर सरकवते. ‘भरती आहे’ दिसलं की थांबते.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे घरी निवांत बघत होते. चाकणच्या एका कंपनीतल्या क्वालिटी मॅनेजरची पोस्ट समोर आली. माणसं हवीत, ‘तातडीने’, आणि फोटोत मागे बाकावर वाकवलेल्या बारीक नळ्यांचा ढीग. प्रोफाइलवर शिक्षण औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूमचं. आमचा डिझायनर तिथलाच, आणि लिंक्डइनवर माझ्या आणि त्या मॅनेजरच्या सामाईक ओळखीचाही तोच निघाला. त्याला फोन केला. "सीनियर होते, माणूस चांगला आहे, माझं नाव सांगा," म्हणाला.

मेसेजमध्ये मी कंपनीचं नाव, आयएसओ, अनुभवाची वर्षं यातलं काहीच घातलं नाही. एवढंच लिहिलं: "सर, पातळ ट्यूबचा गेज आर अँड आर बहुतेक वेळा क्लॅम्पमुळे बिघडतो. तुमच्याकडे तसं काही होतंय का?" खाली डिझायनरचं नाव.

संध्याकाळच्या आत उत्तर आलं. फोन नंबर, आणि "आत्ता बोलता येईल का?"

त्यांचा गेज आर अँड आरचा आकडा ३८ टक्के येत होता. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी: तेच पार्ट तीन ऑपरेटरना पुन्हा पुन्हा मोजायला देतात आणि मोजमापातला फरक माणसामुळे आणि साधनामुळे किती येतो ते काढतात. १० टक्क्यांच्या आत असलं तर उत्तम, ३० च्या वर गेलं तर ते साधन बाद. ज्यांनी फिक्श्चर बनवलं होतं ते ‘ऑपरेटरला ट्रेनिंग द्या’ म्हणून मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मोशीच्या ट्रॅफिकमधून मी आणि डिझायनर चाकणला पोचलो. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावलं, सेफ्टी शूज दिले (माझ्या मापाचे नव्हते, कुठेच नसतात). मॅनेजर लॅपटॉप उघडून तक्ते दाखवायला लागले. डिझायनर म्हणाला, "सर, आधी दादांना नेहमीसारखं मोजू द्या. आम्ही नुसतं बघतो."

पहिल्या ऑपरेटरने नळी व्ही-ब्लॉकवर ठेवली, डावीकडून क्लॅम्प लावत गेला आणि टोकाचं डायल वाचलं. दुसऱ्याने उजवीकडून सुरुवात केली. तिसऱ्याच्या वेळी लोकेटिंग पिन (नळीची जागा पक्की करणारी) बसेना. त्याने डाव्या हाताचा अंगठा नळीच्या वळणावर ठेवला, जरासं दाबलं, पिन टक्कन आत गेली, आणि मग त्याने क्लॅम्प लावले. इतकं सहज, की त्याला स्वतःलाही ते जाणवत नसावं. म्हणजे नळी सरळ करून मग तिचा वाकडेपणा मोजणं चाललं होतं! डिझायनरने माझ्याकडे बघितलं.

"दादा, न दाबता बसते का बघा ना."

"नाही बसत मॅडम. सगळेच दाबतात."

मार्कर मागून क्लॅम्पवर १, २, ३ असे आकडे टाकले. त्याच क्रमाने लावायचे आणि अंगठा लावायचा नाही; ज्या नळीत पिन जाणार नाही ती बाजूला. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा रीडिंग घेतली. आकडा तिशीच्या आत आला, पण दहाच्या जवळपासही नव्हता. मधला टॉगल क्लॅम्प नळीला खाली दाबत होता, तो काढून तिथे स्प्रिंगवाला हलका दाब द्यायचा आणि एक रेस्ट (नळीचा टेकू) वळणाच्या जवळ सरकवायची असं ठरलं. फिक्श्चर आमच्या गाडीत टाकून आणलं. काम अगदीच किरकोळ. एवढ्यासाठी पेट्रोल जाळलं का, असं शेठच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बदल करून परत दिल्यावर मात्र आकडा दहाच्या खाली उतरला आणि त्याच प्रोजेक्टच्या बाकी नळ्यांची फिक्श्चर आमच्याकडे आली.

त्यानंतर पर्चेस खातं. व्हेंडर रजिस्ट्रेशनला जीएसटी, उद्यम सर्टिफिकेट, कॅन्सल्ड चेक, सगळं रीतसर दिलं. फॉर्मवर पेमेंटची अट ९० दिवस छापलेली. पण ते वर्ष तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ४३ब(एच) कलमाचं पहिलं वर्ष होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा दाखवता येत नाही. मी उद्यमच्या कागदावर ‘लघु’ या शब्दावर बोट ठेवलं. पर्चेसवाले हसले, "मॅडम, तुमच्यासारखे रोज चार येतायत." ४५ झाले. रेटमध्ये थोडं कापून घेतलंच त्यांनी, ते चालायचंच.

एरवी या साइटवरून आलेलं सगळंच सोन्यासारखं नसतं. गोड इंग्रजीत मोठी ऑर्डर देऊ करणारे आणि मग ‘व्हेंडर रजिस्ट्रेशन फी’ मागणारे भेटतात. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला की बहुतेकांचं पितळ उघडं पडतं. शिवाय आपलं डिझाइन फुकटात काढून घेऊन दुसऱ्याकडून बनवून घेणारे असतात, त्यांच्यावर अजून तरी उपाय सापडलेला नाही.

ते मॅनेजर वर्षभरात नोकरी बदलून गुजरातला, साणंदला गेले. हेही लिंक्डइनवरच कळलं. अभिनंदन केलं, दुसरं काही लिहिलं नाही. थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन आला. तिथे नळ्या नाहीत, पत्र्याचे ब्रॅकेट आहेत, पण दुखणं तेच. कोटेशन पाठवलंय. तिकडच्या पर्चेसने आठ टक्के कमी मागितलेत, शेठ चारवर अडून बसलेत, आणि साणंदपर्यंतचं भाडं कोणी द्यायचं यावर अजून खल चाललाय.