प्रश्न बंद करण्याआधी

गणिताच्या एका ऑनलाइन समूहात नव्याने आलेले प्रश्न तपासायचं काम मी करते. मांडणी नीट नसेल तर प्रश्न बंद करायचा, दुरुस्त करून मागायचा की राहू द्यायचा, यावर मत द्यायचं असतं. सुरुवातीला मी भाषा, शुद्धलेखन, चिन्हं असं सगळं बघायचे. हळूहळू कळलं की त्यावरून फार काही ठरत नाही. मोडक्यातोडक्या वाक्यांमागे खरी अडचण असते आणि देखण्या मांडणीत कधीकधी काहीच विचारलेलं नसतं.

आता मी प्रश्न आधी स्वतः सोडवायला घेते. सोडवताना ज्या ठिकाणी पदरचं काही घालावं लागतं, तिथेच प्रश्न अपुरा असतो.

मध्यंतरी एक प्रश्न आला. फंक्शन म्हणजे प्रत्येक संख्येला एकेक किंमत देणारा नियम. दोन संख्यांच्या बेरजेवर फंक्शनची जी किंमत येते, ती त्या दोन संख्यांवरच्या किमतींच्या बेरजेइतकीच असेल, तर ते फंक्शन म्हणजे एका ठरावीक संख्येने केलेला गुणाकारच, हे सिद्ध करा. बस, एवढंच. ‘स्वतःचा प्रयत्न दाखवलेला नाही’ म्हणून बंद करण्याच्या बाजूने मतं पडायला लागली होती. मी कागद घेतला. पूर्णांकांसाठी पटकन झालं, परिमेय संख्यांसाठीही झालं. वास्तव संख्यांकडे वळले आणि अडले. फंक्शन कंटिन्युअस आहे, म्हणजे त्याचा आलेख कुठेही तुटत नाही, असं धरलं तर पुढे जाता येतं. ते धरलं नाही तर विधानच खोटं ठरतं. निवडीचं गृहीतक, म्हणजे कितीही संचांमधून एकेक घटक निवडता येतो हे, मान्य केलं तर ही अट पाळूनही गुणाकार नसलेली फंक्शन्स मिळतात, हे जर्मन गणिती गेओर्ग हामेल यांनी १९०५ साली दाखवलं. म्हणजे एका न लिहिलेल्या अटीवर तो प्रश्न खरा की खोटा, हे ठरत होतं.

मी खाली लिहिलं, ‘फंक्शन कुठल्या संख्यांवर आहे? कंटिन्युअस धरायचंय का?’ उत्तर आलं, ‘हे सांगावं लागतं का? परिमेय संख्यांपर्यंत माझं झालंय, पुढे जाताच येत नाहीये.’ खरा प्रश्न हाच होता! तो तसा लिहायला सांगितला, त्याने लिहिला, आणि त्यावर फार सुरेख उत्तरं आली. ‘प्रयत्न दाखवा’ एवढंच म्हटलं असतं तर तो मुलगा कदाचित निघून गेला असता. आपण कुठे अडलोय हे त्याला माहीत होतं, फक्त तेच लिहायचं असतं हे माहीत नव्हतं.

अपुरा प्रश्न म्हणजे आळस, असं मी म्हणूनच धरत नाही. फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी १८८९ मध्ये विचारलेला प्रश्न बघा. वर्तुळात कशीही एक जीवा काढली, तर ती त्याच वर्तुळावर तिन्ही शिरोबिंदू असलेल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची संभाव्यता किती? जीवा निवडायची पद्धत बदलली की उत्तर एक तृतीयांश, एक द्वितीयांश किंवा एक चतुर्थांश येतं. ‘कशीही’ म्हणजे नेमकी कशी, हे ठरवल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही, आणि ते दाखवून देणं हाच त्या प्रश्नाचा मोठेपणा आहे.

चुकीच्या समजुतीवर उभा असलेला प्रश्न मात्र मी बंद होऊ देत नाही. संख्येचा वर्ग, त्यात तीच संख्या आणि ४१ मिळवले की नेहमी मूळ संख्याच का येते, असं एकीने विचारलं होतं. शून्यापासून ३९ पर्यंत ते खरंच आहे. ४० घेतलं की १६८१ येतात, म्हणजे ४१ चा वर्ग. ‘विधानच चूक आहे, बंद करा’ असं दोघांनी सुचवलं, मी ठाम विरोध केला. प्रश्न स्पष्ट आहे, किमती घालून पाहिलेल्या आहेत आणि नेमकं उत्तरही आहे. आणखी काय हवं?

गृहपाठाच्या पानाचा फोटो, खाली ‘लवकर सांगा’, यावर मात्र माझा फार वेळ जात नाही. चालू स्पर्धेतला प्रश्न असेल तर स्पर्धा संपेपर्यंत तो बंदच. बाकीच्यांना आधी एक नेमका प्रश्न विचारते आणि थोडी वाट बघते. उत्तर आलंच नाही तर बंद करण्याच्या बाजूने मत देते, पण कुठली अट लिहिली की तो पुन्हा उघडता येईल, हे खाली लिहून ठेवते.