दोन घंटांमधली शाळा : उपमुख्याध्यापिकेच्या कामाचा माझा अनुभव

तालुक्याच्या गावातल्या पाचवी ते दहावीच्या शाळेत उपमुख्याध्यापिकेकडे ‘शिस्त’ सोपवली जाते, तेव्हा त्यात काय काय येतं ते नेमणुकीच्या पत्रावरून कळत नाही. ऑफ तास, परिपाठ, उशिरा येणारी मुलं, गैरहजेरी, भांडणं, पोषण आहाराची रांग, संतापलेले पालक, एसटीच्या वेळा, सगळं त्यातच. हे काम मी एका ठाम समजुतीवर करते. तास नीट चालू असेल तर मुलं वर्गात फार थोडी बिघडतात. बिघडतात ती दोन घंटांच्या मधे : नळावर, जिन्यात, सायकल स्टँडवर, शिक्षक यायला पाच मिनिटं उशीर झालेल्या वर्गात. म्हणून आधी या जागा आणि या वेळा हातात घ्यायच्या.

त्यासाठी पहिलं साधन म्हणजे साधी दोनशे पानी वही. तिच्यात पाच रकाने : तारीख व तासिका, जागा, कोण, काय झालं, काय केलं. ‘काय झालं’ या रकान्यात डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच लिहायचं. ‘उद्धट वागला’ ही नोंद निरुपयोगी. ‘बाक मागे ढकलला, वही खाली फेकली, बाहेर गेला’ ही नोंद कामाची. तीन आठवडे नेमाने लिहिलं की पानं उलटून रंगीत पेनने फक्त जागा आणि वेळ यांवर खुणा करायच्या. बहुतेक शाळांत अर्ध्याहून जास्त खुणा मधल्या सुट्टीच्या शेवटी आणि लगेच नंतरच्या तासिकेत गोळा होतात. मुलांच्या नावांवर खुणा करायची घाई करू नये. नावं आधी मोजली की ‘ती आठ मुलं’ एवढाच निष्कर्ष हाती येतो आणि नळ तसाच राहतो.

नळाचंच उदाहरण घ्या. शाळेत सहाशे मुलं आणि आठ नळ आहेत. ओंजळीने पाणी पिऊन बाटली भरायला एकाला वीस सेकंद धरले तरी सगळ्यांना 25 मिनिटं लागतात. सुट्टी 30 मिनिटांची, आणि पहिली पंधरा मिनिटं डब्यात नाहीतर खिचडीच्या रांगेत जातात. म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळी शाळा नळावर. त्यात खालचा ओटा उताराचा नसला की पाणी साचतं, चिखल होतो, चिखलात पाय सरकतो, सरकलेला मुलगा पुढच्याला धरतो, पुढच्याला वाटतं ढकललं, आणि मारामारी सुरू. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन भाजायला लागतं, एप्रिलअखेर जळगाव-भुसावळकडे पारा 43-44 अंशांवर जातो. एकाच मुलाला दोनदा प्यावं लागतं. सकाळची शाळा झाली तरी शेवटचे दोन तास तापतातच.

उपाय तीन, आणि तिन्ही एकदम हवेत. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांची मधली सुट्टी वेगवेगळी करायची. लहानांना एक तासिका आधी सोडायचं, आणि त्यांच्या सुट्टीचे टोल वेगळे ठेवायचे, म्हणजे वरचे वर्ग चुकून उठत नाहीत. टाकीपासून आडवा पाइप काढून आणखी नळ बसवायचे, दोन नळांत दोन फूट अंतर ठेवायचं, निम्मे नळ पाचवीच्या मुलाच्या कमरेच्या उंचीवर, आणि ओट्याला नालीकडे उतार द्यायचा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा खर्च ‘पाण्याची सोय’ म्हणून मांडला की मंजूर होतो, ‘शिस्तीसाठी’ म्हटलं की रेंगाळतो. तिसरं, दुपारच्या सत्रात पाण्याची घंटा : तीन मिनिटं, सगळ्यांनी जागेवरच बाटलीतलं पाणी प्यायचं. त्यामुळे ‘मॅडम, पाणी पिऊन येऊ?’ म्हणून तासातून उठणं फार कमी होतं.

शिक्षकांची व्हरांड्यातली उभं राहण्याची जागा फरशीवर ठरवून द्यावी लागते. ‘लक्ष ठेवा’ म्हटलं की चौघं शिक्षक कार्यालयाच्या दारात गप्पा मारतात. जिन्याच्या वळणावर एक, मुलांच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर एक, मुलींच्या वाटेवर शिक्षिका एक, सायकल स्टँडवर एक. आठवड्याचा तक्ता शिक्षक कक्षात लावायचा आणि त्यात माझं नाव सगळ्यात वाईट जागेवर, म्हणजे सुट्टी संपतानाच्या जिन्यावर. ज्या कामाला मी उभी राहत नाही त्याला दुसऱ्या आठवड्यात कुणीच उभं राहत नाही.

ऑफ तास हे दुसरं मोठं कारण. शिक्षक रजेवर असतील तर पहिल्या टोलाआधी ऑफ तासांची वही भरलेली हवी. त्या तासाला जाणाऱ्या शिक्षकाच्या हाती काहीतरी हवं. मी प्रत्येक वर्गासाठी एक कापडी पिशवी ठेवते : उताऱ्यावरचे प्रश्न, नकाशे, गणिताच्या पट्ट्या, वर्गाच्या संख्येएवढ्या प्रती. मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, ही पद्धत मी पूर्ण बंद करावी या मताची आहे. ज्याचं नाव लिहायचं नाही त्याच्याकडून चिंच, पेन, गृहपाठ घेतला जातो, आणि ज्याचं नाव येतं तो शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर हिशोब करतो. मॉनिटरला हजेरीचा फळा, वह्या गोळा करणं, पंखे-दिवे अशी कामं द्यावीत. पोलिसाचं काम मुलाला देऊ नये.

नियम तीनच ठेवावेत, आणि ते शिक्षकांच्या बैठकीत ठरवावेत. आमचे असे : टोल झाला की जागेवर, हात स्वतःजवळ आणि तोंडात शिवी नाही, दुसऱ्याची वस्तू विचारून. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात ते पाढ्यासारखे शिकवायचे, म्हणजे प्रत्यक्ष करून घ्यायचं. परिपाठाहून वर्गात रांगेने कसं जायचं, नळावर कुठे उभं राहायचं, भांडण दिसलं तर कुणाला सांगायचं.

त्याच बैठकीत कोणी काय हाताळायचं तेही ठरवावं. बडबड, वही न आणणं, गृहपाठ हे विषयशिक्षकाचं. तेच एका आठवड्यात तीनदा झालं तर वर्गशिक्षकाचं. मारामारी, चोरी, छेडछाड, गुटखा-तंबाखू, शाळेतून पळून जाणं थेट माझ्याकडे. माझ्याकडे पाठवताना चिठ्ठी हवी : नाव, वेळ, एक ओळ. आणि शाळा सुटायच्या आत त्या शिक्षकाला मी भेटून काय केलं ते सांगायचंच. हे सगळ्यात जास्त चुकतं. शिक्षकाला उत्तर मिळालं नाही की ‘वर काही होत नाही’ हे पक्कं होतं, आणि आठवड्यात छडी पुन्हा टेबलावर येते.

छडीबद्दल स्पष्ट बोलावं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कान धरून उभं करणं, वर्गापुढे अपमान करणंही यातच येतं. पालक मात्र येऊन सांगतात, ‘मॅडम, द्या दोन ठेवून, आमचं काही म्हणणं नाही.’ त्यांना कायदा सांगून थांबू नये, पर्याय सांगावा. आणि स्वच्छतागृह धुण्याची शिक्षा कधीच देऊ नये. ते काम शिक्षा म्हणून दिलं की ते हलकं ठरतं, आणि कुणाच्या घरी ते काम करतात हे वर्गाला ठाऊक असतं. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. त्या खानदेशात झाडू ही शिक्षा होता कामा नये. सफाई पाळीने, सगळ्यांनी, शिक्षकांसह.

मारामारीनंतरचं काम मी असं करते. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवायचं, पाणी द्यायचं, दहा मिनिटं काहीही विचारायचं नाही. रागात दिलेलं उत्तर हे उत्तर नसतं, आणि मग मूल त्याच उत्तराला चिकटून बसतं. नंतर प्रत्येकाला कोरा कागद. लिहिता येत नसेल तर तो सांगेल ते मी लिहिते, त्याच्याच बोलीत. ‘त्यानी माले ढकलं’ असंच. अहिराणी, पावरी, लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण भाषेत सांगायला लावलं की ते दोन वाक्यांत गप्प होतं, आणि ज्याची भाषा पुस्तकी त्याची बाजू खरी वाटू लागते. प्रश्न चारच : काय झालं? तेव्हा मनात काय होतं? त्रास कुणाला झाला? आता नीट करायला तू काय करशील? ‘का केलंस?’ हा प्रश्न टाळावा. त्याला फक्त खाली मान मिळते. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलाकडूनच यायला हवं आणि ते शाळेत, त्याच आठवड्यात होण्याजोगं हवं : फाटलेली वही उतरवून देणं, तुटलेली पट्टी आणून देणं. दोघं तयार असतील तरच समोरासमोर बसवायचं. एक मोठा, एक लहान असेल, किंवा एकालाच वारंवार त्रास होत असेल, तर ते भांडण नव्हे, ती दादागिरी. तिथे समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं म्हणजे लहान मुलाला पुन्हा त्याच्या तावडीत देणं.

पालकांना पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी जायला हवा, म्हणून वर्गशिक्षकांनी जुलैतच रोज दोन-तीन फोन करून यादी संपवावी. तक्रारीसाठी बोलवायचं तर दिवस पाहून. कापूस वेचणीच्या हंगामात भर दुपारी बोलावलं की त्या माउलीची मजुरी बुडते आणि घरी मुलाला मार बसतो. संध्याकाळी सातनंतर फोन, किंवा गावच्या बाजाराच्या दिवशी भेट. तेव्हा ती येतेच.

उशिरा येणाऱ्यांचे दोन गट करा : एसटीने येणारे आणि गावातले. एसटीवाल्यांची नोंद गावाच्या फेरीनुसार ठेवा. एका फेरीची मुलं महिन्यात आठ-दहा दिवस उशिरा आली तर तारखांसह पत्र आगार व्यवस्थापकांना द्या. नुसत्या तोंडी तक्रारीने वेळ बदलत नाही, तारखांच्या तक्त्याने बदलू शकते. मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींसाठीच्या निळ्या बसने येणाऱ्या मुलींना शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत कुठे बसायचं, हे ठरलेलं हवं. फाटकाबाहेर उभं राहणं हाच छेडछाडीचा वेळ असतो. आणि उशिरा आलेल्याला बाहेर ठेवू नये. त्याला आत घ्या, वर्गात बसवा, बोलणं सुट्टीत.

काही प्रकरणं शाळेच्या पातळीवर मिटवायची नसतात. लैंगिक त्रासाची नुसती शंका आली तरी पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. आधी शाळेने चौकशी करू, पंचांना बसवू, मुलीच्या घरच्यांची बदनामी नको, असं कुणी कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी थांबू नये. मुलीला पुन्हापुन्हा सांगायला लावू नये. तिने पहिल्यांदा जे शब्द वापरले ते तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येक वर्गात आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या दारावर लावावा. मुलामुलींच्या सुरक्षेसाठी नेमायची सखी सावित्री समिती कागदावर असतेच. तक्रारपेटी कार्यालयासमोर ठेवली तर मात्र ती रिकामी राहते. ती वाचनालयाच्या आतल्या भिंतीवर ठेवा, आणि दर आठवड्याला समितीसमोरच उघडा.

गुटख्याचं मूळ शाळेबाहेर असतं. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. अंतर टेपने मोजा, रस्त्यावर पिवळी रेघ ओढा, आणि टपरीवाल्याशी आधी बोला. त्याचंही मूल बहुधा आपल्याच शाळेत असतं. ऐकलं नाही तर लेखी तक्रार.

दिवाळीनंतर सगळं ढिलं पडतं, दरवर्षी. सुट्टीत सवयी मोडलेल्या असतात, निम्मी मुलं कापसात असतात, काही कुटुंबं ऊसतोडीला निघालेली असतात. पहिले तीन दिवस जूनसारखेच शिकवायचे. तीन दिवस न आलेल्याच्या घरी फोन, आठवडा झाला तर भेट. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊनच जाऊ द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत तो बसू शकतो आणि परतल्यावर आपल्या पटावर सापडतो. परत आलेल्या मुलाला ‘इतके दिवस कुठे होतास?’ हे सगळ्यांपुढे विचारू नये. त्याची जागा, वही आणि शेजारी ठरवून ठेवावा.

महिनाअखेर वही पुन्हा जागा-वेळेनुसार मोजते आणि शिक्षकांच्या बैठकीत फक्त तेवढंच मांडते. एखादी जागा शांत झाली असेल तर तिथला शिक्षक दुसरीकडे हलवते. फेब्रुवारीत दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या की व्हरांड्यातली तीन-चार माणसं कमी होतात, म्हणून त्या महिन्याचा उभं राहण्याचा तक्ता जानेवारीतच वेगळा करून ठेवते.