गरम पाणी कुठे अडते?

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे साडेचार वाजता सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या घरी आठ माणसे अभ्यंगस्नानासाठी उठली होती, वाटीत उटणे भिजवून ठेवले होते, आणि गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या नळाला ज्याला कोमटही म्हणता येणार नाही असे पाणी येत होते. आदल्या दिवशी लख्ख ऊन पडले होते आणि संध्याकाळी कोणीही गरम पाणी वापरले नव्हते, म्हणजे दोनशे लिटरची टाकी भरलेली आणि तापलेली असायला हवी होती. त्या दिवशी गॅसवर पातेली चढवून आंघोळी उरकल्या. सासूबाईंचे वय ब्याऐंशी आहे आणि पहाटेच्या थंडीत त्यांना पहिल्या पाण्यासाठी तासभर ताटकळत बसावे लागले, हे माझ्या मनाला फार लागले.

दुसऱ्या दिवशी आलेल्या कारागिराने गच्चीवर पाच मिनिटे उभे राहून काचेच्या सगळ्या नळ्या गेल्याचे सांगितले आणि वीसच्या वीस नळ्या बदलण्याचा सल्ला दिला. मी त्यांच्याकडून एक दिवसाची मुदत मागून घेतली. त्या एका दिवसात, आणि पुढे संपूर्ण हिवाळाभर, मला जे समजले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्या अनुभवात गरम पाणी न येण्याचे कारण बहुतेक वेळा तापवणाऱ्या यंत्रात नसते; ते पाण्यात किंवा पाण्याच्या वाटेत असते.

प्रथम नळ्यांविषयी. सोलरची प्रत्येक नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन काचा असतात आणि त्यांच्यामधील हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. नळीच्या खालच्या बंद टोकाला आतून आरशासारखा चंदेरी थर दिसतो. तो बेरियम या धातूचा असतो. काचेला तडा जाऊन आत हवा शिरली की हा थर पांढरा पडतो. नळी चांगली आहे की गेली, हे ओळखण्यासाठी एवढी खूण पुरेशी आहे. दुसरी खूण अशी की चांगल्या नळीची बाहेरची काच भर दुपारीही फारशी तापत नाही, कारण उष्णता आत कोंडलेली असते; गेलेल्या नळीची काच मात्र शेजारच्या नळ्यांपेक्षा स्पष्टपणे गरम लागते. मी विसाही नळ्यांची खालची टोके टॉर्च लावून पाहिली. सगळी चंदेरी होती.

मग पाणी थंड का येत होते? यासाठी एक चाचणी आहे आणि ती प्रत्येक घराने करून पाहावी असे मला मनापासून वाटते. गच्चीवरील सोलरच्या टाकीतून गरम पाणी जेथून बाहेर पडते तेथील कॉक पूर्ण बंद करायचा आणि खाली बाथरूममधील गरम पाण्याचा नळ उघडायचा. पाइपात उरलेले थोडे पाणी येऊन धार थांबली पाहिजे. आमच्याकडे धार थांबलीच नाही. गरम पाण्याची वाट वरून बंद असतानाही गरम नळाला पाणी येत होते, याचा अर्थ ते थंड पाण्याच्या लाइनमधून कोठून तरी शिरत होते.

ते कोठून, हे शोधायला मला अर्धा तास लागला. वरच्या मजल्यावरील बाथरूममध्ये भिंतीला मिक्सर आहे आणि त्याला हँड शॉवर जोडलेला आहे. पाहुण्यांपैकी कोणीतरी शॉवरच्या टोकाचे बटण दाबून पाणी बंद केले होते, परंतु मिक्सरचे गरम आणि थंड हे दोन्ही कॉक उघडेच राहिले होते. बाहेर जायला वाट नसल्यामुळे दोन्ही लाइन त्या मिक्सरच्या पोटात एकमेकींना जोडल्या गेल्या. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर असते आणि ती तशीच असावी लागते, त्यामुळे थंड पाण्याचा दाब किंचित जास्त असतो. खाली कोणी गरम नळ उघडला की गच्चीवरून लांबचा वळसा घेऊन येणाऱ्या गरम पाण्याच्या आधी, जवळच्या मिक्सरमधून थंड पाणीच तेथे पोहोचत होते. ते दोन कॉक बंद केले आणि दहा मिनिटांत खालच्या नळाला हात भाजेल असे पाणी आले. टाकीत कालपासून तापलेले पाणी तसेच पडून होते. पुढे प्लंबरकडून त्या मिक्सरच्या गरम बाजूला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवून घेतला.

याच गोष्टीचा उपयोग उलट बाजूनेही होतो. महापालिकेचे पाणी एखाद्या दिवशी आले नाही आणि वरची टाकी कोरडी पडली की नंतर गरम लाइनमध्ये हवा धरते. थंड नळ जोरात चालतो आणि गरम नळाला करंगळीएवढी धारही येत नाही. अशा वेळी एनआरव्ही न बसवलेल्या मिक्सरचे तोंड तळहाताने घट्ट दाबून धरावे आणि दोन्ही कॉक मिनिटभर उघडावेत. थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटे चढते आणि अडलेली हवा टाकीकडे ढकलून देते. वारंवार हवा धरत असेल तर गरम पाण्याचा पाइप कठड्यावरून वर चढून पुन्हा खाली उतरला आहे का, ते पाहावे. टाकीवरचा हवेचा उभा पाइप कोणीही बूच मारून किंवा वाकवून बंद करू नये. टाकी त्याच पाइपातून श्वास घेते आणि तो बंद झाला तर टाकी फुगू किंवा चेपू शकते.

सकाळी पहिली बादली थंड येते ही तक्रार मात्र बिघाडाची नाही. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावते. गच्चीपासून नळापर्यंत तीस मीटर पाइप असेल तर सात-आठ लिटर पाणी रात्रभर पाइपातच थंड होते. ते आम्ही वेगळ्या बादलीत धरून झाडांना घालतो.

आमच्या भागाची एक खास अडचण काजळीची आहे. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, उसाचा पाला पेटवला जातो, आणि वाऱ्याच्या दिशेनुसार गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडू लागतात. हेच कण सोलरच्या काचेवरही बसतात आणि धुळीबरोबर त्यांचा चिकट थर होतो. म्हणजे गरम पाण्याची गरज सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच महिन्यांत काच सर्वांत मळलेली असते. पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने नळ्या पुसल्या तरी फरक जाणवतो. हे काम सूर्य वर येण्यापूर्वी करावे. रिकाम्या आणि तापलेल्या नळीत भर दुपारी थंड पाणी सोडले तर काच तडकते, म्हणून टाकी कोरडी पडली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबून मगच ती भरावी.

आता विजेच्या गिझरविषयी. तेथे खरा शत्रू क्षार आहे. कृष्णेचे नळाचे पाणी त्या मानाने बरे, पण बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तरच 600 पर्यंत चालतो. पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापताच घट्ट होऊन कॉइलवर बसतो, आणि पाणी जितके जास्त तापवावे तितका तो वेगाने बसतो. म्हणून थर्मोस्टॅट 75 अंशांवर ठेवून नंतर त्यात थंड पाणी मिसळण्याऐवजी तो 55 ते 60 अंशांवर ठेवावा.

आपला गिझर नीट चालतो की नाही हे घड्याळ लावून पाहता येते. 2000 वॅटच्या कॉइलने 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला वीस-बावीस मिनिटे लागतात. गिझर आतून खदखदल्यासारखा आवाज करत असेल आणि दरवर्षी पाणी आधीपेक्षा कमी भरत असेल, तर क्षार साचला आहे असे समजावे. कॉइल क्षाराखाली गुदमरून जास्त तापते आणि शेवटी तिचे कवच फुटते. मग बटण लावताक्षणी एमसीबी किंवा ईएलसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारी कळ, पडते. ती पुन्हा पुन्हा वर करून पाहणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण वीज पाण्यात उतरत असल्याचाच तो इशारा असतो. बटण बंद ठेवावे आणि वायरमनला बोलवावे. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, अशा वेळी जादा तापल्यावर वीज तोडणारा कटऑफ पडलेला असतो किंवा कॉइल जळलेली असते. कटऑफ एकदा दाबून बसवला आणि तो पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट खराब आहे. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते आणि ती टाकीऐवजी स्वतः झिजते. बोअरच्या पाण्यावर ती दर वर्षी उघडून पाहावी. तांबूस पाणी येऊ लागेपर्यंत थांबलो तर टाकी वाचत नाही.

गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी गळते, याची पुष्कळांना काळजी वाटते. 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापताना जवळजवळ पाव लिटरने फुगते आणि मागे जायला वाट नसल्याने तेवढे पाणी तेथून बाहेर पडते. ही गळती योग्य आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात त्या व्हॉल्व्हला चक्क बूच बसवलेले मी पाहिले आणि तेथल्या काकांना मी हात जोडून ते काढायला लावले. त्या बुचामुळे गिझर फुटू शकतो.

2019 च्या ऑगस्टमधील महापुरात गावभागातील आमच्या नातेवाइकांच्या तळमजल्यावरील गिझर छतापर्यंतच्या पाण्यात बुडाला होता. बाहेरून पुसून तो स्वच्छ दिसत होता, परंतु पत्र्याखालचा उष्णतारोधक थर चिखलाच्या पाण्याने भिजलेला होता आणि वायरच्या जोडांत गाळ शिरला होता. असा गिझर उघडून, वाळवून आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय कधीही सुरू करू नये. आम्ही तो बदललाच.

गॅस गिझरच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा जागेकडे आधी पाहावे. तो पेटत नसेल तर बहुधा त्यातील सेल संपलेले असतात किंवा पाण्याचा दाब कमी असतो, आणि एवढे घरच्या घरी पाहता येते. पण ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल तर गॅस अपुरा जळत आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत आहे. या वायूला वास नसतो, तो दिसतही नाही. डोके जड होणे आणि चक्कर येणे हीच त्याची चाहूल असते, आणि बंद बाथरूममध्ये तेवढा वेळही मिळेलच असे नाही. माझ्या भावाकडे तो आत बसवलेला होता. या जानेवारीत त्याने तो बाहेरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये हलवला आणि बाथरूममध्ये फक्त पाइप आणला.

आमच्या वरच्या बाथरूममधील मिक्सरशेजारी आता एक छोटी पट्टी चिकटवलेली आहे: आंघोळ झाल्यावर दोन्ही कॉक बंद करावेत. नळ्या मात्र अजून त्याच वीस आहेत.