गुळाचे तीन खडे

मुंग्यांनी चुगली केली नसती तर मला कळलंच नसतं. डिसेंबरातली सकाळ होती. नातवाचं अंथरूण आवरायला गेले, तर उशीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग. उशी उचलली. खाली हातरुमालाचं गाठोडं. त्यात गुळाचे तीन खडे, मूठभर शेंगदाणे आणि आदल्या रात्रीची चतकोर भाकरी, वाळून पापडासारखी झालेली. मुंग्या नुसत्या गुळाला लागल्या होत्या. भाकरीकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं, याचं मला उगीच वाईट वाटलं.

नातू आठ वर्षांचा. लातूरला येऊन त्याला सहा दिवस झाले होते आणि माझ्या लेकीचा मुलगा होऊन पाच महिने. लेक-जावई अमेरिकेत राहतात, लेकरू कोलंबियाचं. तिथं परदेशी जोडप्यांना बहुतेक मोठीच मुलं देतात. कोर्टाचा निकाल हातात पडेपर्यंत दोघं महिनाभर तिकडंच राहिले. त्या शहराचं नाव काली. हे ऐकून आमच्या वन्संनी आधी हात जोडले आणि मग विचारलं, "देऊळ मोठं असंल की तिथं?"

लेकराच्या आधीच्या आयुष्याचं मला जेवढं ठाऊक आहे तेवढंही इथं लिहिणार नाही. ती गोष्ट त्याची आहे. मोठा झाला आणि वाटलं तर तोच सांगेल.

गल्लीत मात्र सगळ्यांना उत्तर हवं होतं. "दत्तक? मग भावकीत कुणी नव्हतं का?" आमच्याकडं दत्तक म्हणजे जमिनीला वारस. फार तर बडोद्याच्या सयाजीरावांचं नाव निघतं. कवळाण्याचा बारा वर्षांचा पोरगा १८७५ साली दत्तक गेला आणि राजा झाला, पण तोही गायकवाडांच्याच कुळातला. पुढं १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला संस्थांनी गावंच्या गावं दत्तक घेतली, तेव्हा त्या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. कोलंबियाचं लेकरू या दोन्हींत बसेना. शेवटी पलीकडच्या काकूंनी निकाल दिला, "लेकरू हाय ना? मग झालं की." आणि त्याच्यासाठी म्हणून वाटीभर कारळाची चटणी ठेवून गेल्या. त्याच्या तर जिभेला साधं मिरं लागलं तरी डोळ्यांतून पाणी येतं. चटणी आम्हीच खाल्ली.

नावाचीही गंमत झाली. त्याचं नाव लिहायचं ज-नं आणि म्हणायचं ह-नं. ते बदलायचं नाही, असं लेकीनं बजावलं होतं आणि मला ते पटलंही होतं. सगळं बदललेल्या लेकराजवळ नाव तरी जुनं राहू द्यावं. पण वन्संना पटणं वेगळं आणि उच्चारता येणं वेगळं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा हणमंत करून टाकला. गंमत म्हणजे पोरगं त्या हाकेला ओ द्यायला लागलं. माझ्या तोंडचा शुद्ध उच्चार ऐकून मात्र तो नुसताच बघत राहायचा.

सुरुवातीला आमचं बोलणं खुणांवर आणि लेकीच्या मोबाइलमधल्या भाषांतरावर चालायचं. मोबाइल काय सांगायचा देव जाणे. मी 'पोट भरलं का' विचारलं, की पोरगं सदरा वर करून मला पोट दाखवायचं. मग मी तो नाद सोडला आणि वस्तू हातात धरून नावं विचारायला लागले. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय, तेवढं येतं. साखरेला तो आसुकार म्हणाला. लिंबाला लिमोन. संत्र्याला नारान्हा. आमच्या ह्यांना जुनं उर्दू येतं. ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, ही आपलीच शर्करा आणि आपलंच नारिंग. अरबांनी स्पेनला नेलं, स्पेनवाल्यांनी समुद्रापलीकडं." एवढं बोलून परत वर्तमानपत्रात. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांनी नारान्हा दोन किलो आणली आणि पिशवी थेट नातवाच्या हातात दिली.

तरी ताटावर लेकरू अवघडून बसायचं. सगळ्यांनी घेतल्याशिवाय घ्यायचं नाही, संपवायचं झटकन, आणि एक घास कुठंतरी गायब. रविवारी मी पुरण घातलं. पोळी त्यानं चिमटीनं उचलून पाहिली आणि ठेवली. मग मी गुळवणीची वाटी पुढं सरकवली. त्यानं वाटी नाकाशी नेली. तशीच धरून राहिला. मग घटाघट पिऊन टाकली आणि ओठांवरून मनगट फिरवत म्हणाला, "आग्वापानेला!"

पानेला म्हणजे गूळ आणि आग्वा म्हणजे पाणी, हे लेकीनं सांगितलं. गूळ करण्यात जगात आपला नंबर पहिला आणि कोलंबियाचा दुसरा. हे मला साठी उलटल्यावर, स्वयंपाकघरात, एका आठ वर्षांच्या पोरामुळं कळलं. भूगोल शिकवला तेव्हा कोलंबिया कधी कॉफीच्या पुढं गेलाच नव्हता.

पण पोरगं तिथं थांबलं नाही. उठलं, फ्रिजमधून लिंबू आणलं, माझ्यापुढं ठेवून कापायची खूण केली, आणि दुसऱ्या वाटीत पिळलं. चमच्यानं हलवून आधी मला चाखायला लावलं. वेलदोडा-जायफळ घातलेल्या माझ्या गुळवणीत लिंबू! माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी वाटी मोरीत ओतली असती. मी प्यायले. बरं लागलं. खरं सांगायचं तर बरं नाही, चांगलंच लागलं. तिकडं त्यात चीजचा तुकडाही बुडवून खातात, असं लेक म्हणाली. त्याला मी अजून तयार नाही.

त्यानंतर तो भाकरीच्या वेळी ओट्याशी उभा राहायला लागला. मी परातीत थापते, तो नुसत्या दोन तळव्यांत. पिठाचा गोळा या हातातून त्या हातात, थप थप, कडेनं बोट फिरवून गोल करणार, आणि होणार ते जाडजूड, तळहाताएवढं. त्यांच्याकडं मक्याच्या पिठाची आरेपा अशी करतात. ज्वारीच्या पिठाला ती काही झेपायची नाही. कडा फुटायच्या, मधे कच्चं राहायचं. मी तरीही तव्यावर टाकायची, आणि हे त्यातलं कच्चट अर्धं निमूट खायचे.

आता ते गाठोडं. लेकीला दाखवलं तर ती घाबरून म्हणाली, "आई, रागावू नकोस त्याला. पुढचं जेवण येईल याची खात्री ज्यांना कधी नव्हती, ती मुलं लपवतात. आम्हाला सांगितलंय, त्याच्या हाताशी खायचं ठेवा, संपलं की गुपचूप भरा." मी कशाला रागावते? १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. मदत म्हणून मिळालेला कोरडा खाऊ, सुकडी, मी परकराच्या नेफ्यात खोचून घरी आणायची आणि कणगीमागं ठेवायची. खायची नाही, नुसती आहे का ते बघून यायची. उंदरांनी घोळ केला तेव्हा आईला कळलं. तिनं मारलं. जवळ घ्यायला तिला वेळ नव्हता, खडी फोडायच्या कामावर हजेरीची वेळ झाली होती. हे मी लेकीला आजवर सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं. पितळेचा एक घट्ट झाकणाचा डबा काढला, घासला, गूळ-शेंगदाणे भरून त्याच्या खिडकीत ठेवला.

डबा रिकामा व्हायचा, मी भरायची. रुमालाचं गाठोडं मात्र उशीखाली होतंच. डब्यातलं उचलून तिथं जायचं.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, आम्ही सगळे शेतावर गेलो. त्या दिवशी लातुरात संचारबंदी लागल्यासारखं असतं, माणूस म्हणून दिसत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. शेजारच्या बांधावर उसाचा फड दिसताच पोरगं हात पसरून ओरडायला लागलं, "कान्या! कान्या!" त्यांच्याकडं उसाला तसंच म्हणतात. पण आमचा सालगडी एका डोळ्यानं जरा तिरपा बघतो. त्यानं हातातला घास खाली ठेवला. समजावून सांगेपर्यंत माझी पुरेवाट झाली. सांगितल्यावर तोच एवढा हसला, की उठून जाऊन त्यानं दोन उभे ऊस मोडून आणले. पोरानं गुडघ्यावर कांडं मोडलं, दातानं साल ओढली, मागचा-पुढचा विचार न करता चोथा थुंकला. कसा खायचा हे त्याला कुणी दाखवलं नाही.

त्या दुपारी कोपीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. खिसा फुगलेला होता. मी चाचपला नाही.

जानेवारीत ते परत गेले. विमानतळावर रडारड वगैरे झाली, ती माझीच. आता दर रविवारी फोन येतो. त्याचं मराठी अजून वीस-पंचवीस शब्दांचं आहे. परवा पडद्यावर तोंड आणून, मागचा-पुढचा काही पत्ता न देता त्यानं विचारलं, "आजी, मुंगी?"

मी फोन घेऊन त्याच्या खोलीत गेले आणि खिडकीच्या चौकटीपुढं धरला. रांग चालूच होती. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो.