रीळ सीट आणि ब्लँक यांच्यामधली पोकळी

गेल्या पावसाळ्यानंतर नांदेडजवळ गोदावरीच्या काठी मी स्वतः बांधलेली पहिली मासेमारीची दांडी घेऊन बसलो होतो. कणकेच्या गोळ्याला चांगला कटला लागला, दांडी वाकली, आणि मी रीळ फिरवू लागलो तसे हातातले काहीतरी सैल झाल्याचे जाणवले. शेजारी गळ टाकून बसलेला मुलगा म्हणाला, "काका, तुमचं रीळच फिरायलंय की!" खरोखरच रीळ सीटसकट, म्हणजे ते ज्या नळीवर बसवतात तिच्यासकट, ब्लँकभोवती, म्हणजे दांडीच्या मूळ दांड्याभोवती, एका बाजूला कलंडले होते. मासा सुटला. त्याचे वाईट वाटले, पण अडीच महिने मन लावून बांधलेल्या दांडीचा सांधा असा निघावा, याचे दुःख त्याहून मोठे होते.

घरी आल्यावर हॅक्सॉच्या पात्याने, ब्लँकला धक्का न लावता, सीट लांबीच्या दिशेने कापून काढली. आत जे दिसले त्यावरून चूक पूर्णपणे माझीच होती हे लक्षात आले. पोकळी भरण्यासाठी मी ब्लँकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मास्किंग टेप गुंडाळली होती आणि तिच्यावर इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचा, पातळ हात फिरवला होता. म्हणजे सीट चिकटली होती ती कागदाला, ब्लँकला नव्हे. आणि टेपच्या उघड्या कडेने पाणी शिरून तो कागद भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा बोटाने सोलला जात होता.

सीटचे छिद्र ब्लँकपेक्षा मोठे असते, त्यामुळे मध्ये काहीतरी भरावे लागतेच. माझ्या सीटचे आतले माप 15.5 मिमी होते, तर ब्लँक मागच्या टोकाशी 12.4 आणि पुढच्या टोकाशी 11.9 मिमी होता. चारी बाजूंनी दीड ते पावणेदोन मिलिमीटरची ही पोकळी साध्या मास्किंग टेपच्या दहा-बारा फेऱ्यांनी भरते, आणि ब्लँक पुढे निमुळता होत असल्याने पुढच्या पट्ट्याला दोन-तीन फेरे जास्त द्यावे लागतात. टेप वापरण्यात गैर काही नाही, मात्र तिचे काम फक्त सीट मधोमध धरून ठेवण्याचे आहे. म्हणून आता मी बोटभर रुंदीचे तीन वेगळे पट्टे करतो, त्यांच्यामध्ये सहा-सात मिलिमीटरची मोकळी जागा सोडतो आणि ती जागा इपॉक्सीने काठोकाठ भरतो, म्हणजे तिथे ब्लँकपासून सीटपर्यंत इपॉक्सीचे अखंड कडे तयार होते. टेपच्या कडाही इपॉक्सीखाली पूर्ण बुजवतो. याहून चांगला उपाय म्हणजे जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना लावतात ती जाळीची फायबर टेप. तिच्या छिद्रांतून इपॉक्सी आरपार जाते आणि ती पाण्याने कुजत नाही. माझे मत विचाराल तर जाळीची टेप मिळत असताना कागदी टेपकडे वळूच नये.

इपॉक्सी लावण्यापूर्वी ब्लँकची चकाकी बारीक पॉलिश पेपरने फक्त उतरवावी, आतले धागे उघडे पडेपर्यंत घासू नये. सीटचा आतला भागही तसाच खरखरीत करून दोन्ही स्पिरिटने पुसून घ्यावेत आणि त्यानंतर तिथे बोट लावू नये. सीट एकदा कोरडीच बसवून पाहावी: ती हलक्या हाताने सरकली पाहिजे, पण डगडगता कामा नये. टेपवर ती दाबूनच बसत असेल, तर लावलेली सगळी इपॉक्सी खरवडून बाहेर येईल. सीटच्या आट्यांवर टेपचा एक फेरा गुंडाळून ठेवला, की त्यांत इपॉक्सी जात नाही.

पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी या कामाला नको. ती पाणी आणि उष्णता कमी सहन करते, आणि उन्हाळ्यात 42 अंशांत गाडीत पडून राहणाऱ्या दांडीसाठी हा मुद्दा लहान नाही. सावकाश, साधारण 24 तासांत पक्की होणारी घ्यावी. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात तीसुद्धा सावकाश राहत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले, की हाताशी असलेला वेळ जवळपास निम्मा होतो, आणि वाटीत ढीग करून ठेवलेली इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने आणखी लवकर आळते. त्यामुळे मी हे काम पहाटे करतो, दोन्ही भाग मोजून समप्रमाणात घेतो (माझ्या इपॉक्सीच्या नळ्यांवर तसे लिहिले आहे), एकजीव होईपर्यंत ढवळतो आणि मिश्रण ताटलीत पातळ पसरून ठेवतो.

मग ब्लँकवर आणि सीटच्या आतही लावून सीट फिरवत फिरवत पुढे सरकवतो. पुढच्या कडेला इपॉक्सीची सलग गोल रेघ बाहेर आली, तर आत पोकळी राहिलेली नाही असे समजतो. जास्तीची लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसतो. इपॉक्सी ओली असतानाच रीळ चढवून, मागच्या टोकाकडून डोळा लावून, रिळाचा पाय ब्लँकवर आधी आखलेल्या, दोर ओवायच्या कड्यांच्या रेषेत आणतो, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहतो, कारण तेवढ्या वेळात सीट सरकलेली मी दोनदा पाहिली आहे.

त्यानंतर दांडी कोपऱ्यात उभी करून ताटलीतली उरलेली इपॉक्सी तिच्याशेजारी ठेवतो. दुसऱ्या दिवशी तिच्यात नख रुतले, तर दांडीला अजून हात लावायचा नसतो.