हयातीचा दाखला

बँकेत पेन्शनचे काम पाहणाऱ्या माणसाला नोव्हेंबर हा दिवाळीचा महिना वाटत नाही. केंद्र सरकारच्या, रेल्वेच्या आणि टपाल खात्याच्या निवृत्तिवेतनधारकांनी आपण हयात असल्याचा दाखला याच महिन्यात द्यायचा असतो. ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासून मुभा असते. दाखला ३० नोव्हेंबरपर्यंत नोंदला गेला नाही, तर डिसेंबरपासूनचे पेन्शन थांबते. पुढे दाखला दिल्यावर थकबाकीसह सगळे पैसे मिळतात हे खरे, पण औषधवाला आणि दूधवाला थकबाकीची वाट पाहत नाहीत. ठाण्यात नौपाड्यातील आमच्या शाखेत मी गेली नऊ वर्षे हे काम पाहतो आहे आणि ज्या दिवसाविषयी लिहितो आहे तो ३० नोव्हेंबर २०२४, महिन्याचा पाचवा शनिवार, त्यामुळे बँका चालू असलेला.

त्या महिन्यात कामाचे दिवसच फार कमी मिळाले होते. पहिले दोन दिवस लक्ष्मीपूजन आणि पाडव्यात गेले, १५ तारखेला गुरुनानक जयंती आली आणि २० तारखेला विधानसभेचे मतदान. त्यात शाखेतील दोघांना निवडणुकीचे काम लागल्याने मधले काही दिवस माझ्या टेबलापुढची रांग थेट एटीएमच्या दारापर्यंत जात असे. याच महिन्यात डिजिटल हयात दाखल्यांची देशव्यापी मोहीमही चालू होती. जीवन प्रमाण ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. पेन्शनधारकाने आधार क्रमांक सांगायचा, यंत्रावर बोट ठेवायचे, ठसा जुळला की दाखला आपोआप पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे जातो. सोय चांगली आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचे काम दोन मिनिटांत होते आणि बंगळुरूला मुलाकडे राहणाऱ्यांना त्यासाठी ठाण्याला यावे लागत नाही. अडचण होते ती उरलेल्या एखाद-दुसऱ्याची.

चेंदणी कोळीवाड्यातील मावशी त्या उरलेल्यांपैकी. त्यांचे यजमान माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांच्या पश्चात मावशींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान नोकरीत असतानाही आणि नंतरही त्यांनी चाळीसेक वर्षे मासळी विकली. १२ नोव्हेंबरला त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा मी उजव्या हाताचा अंगठा घेतला, मग तर्जनी, मग डावा हात, अशी दहाही बोटे यंत्रावर ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी पडद्यावर ‘त्रुटी ३००’ हेच उत्तर आले. आमच्या भाषेत याचा अर्थ असा, की माणूस आधारमध्ये आहे, पण हा ठसा त्याचा नाही. ओल्या रुमालाने बोटे पुसणे, किंचित खोबरेल लावून पुन्हा पुसून काढणे, बोट थोडे जास्त दाबून धरणे, हे आमचे नेहमीचे उपायही करून झाले. म्हातारपणी त्वचा कोरडी आणि सैल होते, बोटांवरच्या रेघांचे उंचवटे सपाट होत जातात आणि यंत्राला वाचण्यासारखे फारसे काही उरत नाही. ज्यांनी आयुष्यभर चुना, सिमेंट किंवा धुण्याची पावडर हाताळली, त्यांचे तर याहून लवकर होते. मावशींनी बर्फातली कोळंबी सोलली होती आणि खवले काढले होते. त्यांची बोटे मी उलटी करून पाहिली तेव्हा टोके गुळगुळीत आणि चकचकीत दिसली.

“अरे पोरा,” त्या म्हणाल्या, “मी जिती हाय, तुझ्यासमोर बसलेय, मग त्या डबीला काय विचारतोस?”

रांगेतले लोक हसले, मीही हसलो. आणि हसत हसत मी त्यांना पुन्हा यायला सांगितले, ही गोष्ट मला अजून खटकते.

कारण माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात कागदी दाखल्याचे कोरे फॉर्म होते. पेन्शनधारक स्वतः समोर आला असेल, तर बँकेच्या अधिकाऱ्याने तो फॉर्म भरून घ्यायचा, सही करायची आणि पोच द्यायची, ही पद्धत डिजिटल दाखल्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे आणि ती रद्द झालेली नाही. मावशींना मी अनेक वर्षे ओळखत होतो. पाच मिनिटांत काम झाले असते. पण रोज संध्याकाळी सहा वाजता विभागीय कार्यालयाकडून व्हॉट्सॲपवर शाखानिहाय तक्ता येत असे, त्यात डिजिटल दाखल्यांची टक्केवारी असे आणि आमची शाखा तळाकडून तिसरी होती. कागदी दाखला दिला, की ती टक्केवारी आणखी खाली जाणार. मला कोणी कागदी दाखला देऊ नका असे सांगितले नव्हते. तक्त्याचा रंग लाल आहे एवढेच रोज दिसत होते आणि तेवढे पुरेसे झाले.

२५ तारखेला त्या पुन्हा आल्या. या वेळी मी चेहरा ओळखण्याचा मार्ग धरला. ही सोय २०२१ पासून आहे. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, साधा अँड्रॉइड फोन पुरतो. शाखेच्या फोनवर चेहरा चौकटीत आणायचा, मागची भिंत मोकळी हवी, उजेड समोरून हवा आणि सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करायची. मावशींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, उजेड डोळ्यांना टोचतो, त्यामुळे उघडझाप म्हटले की त्या डोळे घट्ट मिटून घेत आणि उघडायला उशीर लावत. आधारवरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, भरलेल्या गालांचा. तीन वेळा करून पाहिले, जुळले नाही. “घरी नातवाच्या फोनवर निवांत करून बघा, नाहीतर शनिवारपर्यंत या,” असे सांगून मी पुढच्या माणसाला बोलावले. खण दुसऱ्यांदाही उघडला नाही.

शनिवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास लिंक गेली. शाखेसमोरचा रस्ता आठवडाभर खोदत होते आणि कोणाच्या तरी पहारीखाली आमची केबल आली. शेवटचा दिवस असल्याने आत चाळीसएक ज्येष्ठ नागरिक बसलेले, बाहेर तितकेच उभे. डोंगलवर एका वेळी एकच काउंटर चालत होते आणि तेही थांबत थांबत. आमच्या व्यवस्थापिका मॅडमनी स्वतः पाण्याच्या बाटल्या आणवल्या आणि एकेका रांगेपाशी जाऊन खरी परिस्थिती सांगितली. लिंक कधी येईल याची कल्पना नाही, थांबणाऱ्यांना खुर्ची मिळेल, ज्यांची मुदत आज संपते आहे त्यांनी हात वर करावेत. गर्दी शांत राहिली, याचे श्रेय त्यांच्या त्या सरळ बोलण्याला आहे. अशा वेळी ‘पाच मिनिटांत होईल’ हे खोटे आश्वासन माणसांना सर्वांत जास्त चिडवते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बाराच्या सुमारास मावशींची सून रांग सोडून थेट माझ्यापाशी आली. हातात पासबुक आणि हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. सासूबाई बुधवारी मोरीत घसरून पडल्या होत्या. उजव्या मनगटाला प्लास्टर आणि कमरेला मार असल्याने डॉक्टरांनी पंधरा दिवस उठायला मनाई केली होती. “दोन वेळा येऊन गेल्या, आता काय करायचं सांगा,” एवढेच ती म्हणाली. आवाज चढवला असता तर मला सोपे गेले असते. मी पहिल्यांदा विचारले ते पडण्याचा दिवस कोणता. बुधवार म्हणजे २७ तारीख, म्हणजे बँकेतून परतताना नव्हे. हे विचारून मला जो दिलासा वाटला, त्याची लगेच लाज वाटली.

दोन वर्षांपूर्वी या बाईंचे पेन्शन असेच तीन महिने बंद राहिले होते. दाखला दिला होता, नोंद कुठेतरी राहून गेली होती आणि हातात पोच नव्हती. म्हणून त्या घरी तळमळत होत्या, असे सुनेने सांगितले.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि दोन्ही वेळा काय केले, ते खणातल्या फॉर्मसकट सांगितले. त्या काही क्षण गप्प राहिल्या. “तक्त्याचं मी बघते, तुम्ही जा,” असे म्हणून त्यांनी रजिस्टरमध्ये माझी बाहेर जाण्याची नोंद केली. आजारी पेन्शनधारकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना जुन्या आणि स्पष्ट आहेत. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेता येतो. मात्र दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळख पटवायची आणि त्यांतील एक जबाबदार बँक अधिकारी असायला हवा. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असेही २०१७ पासून सांगितलेले आहे. पायाच्या अंगठ्याचे ते कलम प्रशिक्षणात वाचताना आम्ही तरुण लोक हसलो होतो. ज्याने ते लिहिले, त्याने कधीतरी एखाद्या खाटेजवळ उभे राहून पाहिले असणार.

लिंक दोन वाजता परत आली. रांग ओसरेपर्यंत साडेतीन झाले. मग फॉर्म, शाईचा पॅड आणि पेन पिशवीत घालून मी स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलो आणि मीठबंदर रोडने कोळीवाड्यात शिरलो. शनिवारच्या गर्दीत तो पूल ओलांडायला मला पंधरा मिनिटे लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने तो दोनदा जाऊन-येऊन म्हणजे चार वेळा ओलांडला होता, हा हिशेब मी जिन्यावर उभा राहून केला.

मावशी पुढच्या खोलीत खाटेवर पडून होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, “डबी आणलीस काय?” मी नाही म्हटले. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ आमचेच खातेदार निघाले आणि ते दुसरे साक्षीदार झाले. पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, खाते क्रमांक, पत्ता, सगळे मी वाचून दाखवले, कारण सही न करता येणाऱ्याला काय लिहिले आहे ते ऐकण्याचा हक्क असतो. मग डाव्या हाताचा अंगठा शाईवर टेकवून कागदावर घेतला.

कागदावर एक काळा, लांबट डाग उमटला. त्यात एकही रेघ नव्हती. शेजारच्या काकांनी चष्मा पुढे घेऊन पाहिले आणि “हे चालेल ना?” असे विचारले. मी चालेल म्हणालो आणि डागाशेजारी लिहिले की हा ठसा अमुक यांचा असून तो आमच्या समक्ष घेतला आहे. खाली त्यांनी सही केली, मग मी केली.

मावशी पोच मागू लागल्या. ती मी भरून आणली होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, उलटी करून पाहिली आणि सुनेकडे दिली. सुनेने विचारले, “शिक्का?” शिक्का मी शाखेतच विसरलो होतो. सहीची पोचही नियमाने पुरेशी असते, हे मी समजावून सांगू लागलो, पण मागच्या वेळचे तीन महिने त्या घराने काढले होते, मी नव्हे. सोमवारी शिक्का मारून आणतो, असे सांगून मी उठलो. चहा नको म्हणालो तरी चहा झाला.

शाखेत परतलो तेव्हा शटर अर्धे खाली होते. पेन्शनच्या प्रणालीत कागदी दाखल्याची नोंद करायला मला दीड मिनिट लागले असेल. सहा वाजता तक्ता आला. आम्ही तळाकडून दुसरे झालो होतो. मॅडमनी गटावर लिहिले, की आमच्या शाखेत ज्यांचे ठसे उमटत नाहीत अशा लोकांचे कागदी दाखले घेतले आहेत, त्यांचा आकडा वेगळा धरावा. त्यावर कोणाचेही उत्तर आले नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन मी शिक्क्याची पोच देऊन आलो. मावशींनी ती जुन्या पोचेवर ठेवून तारखा जुळवून पाहिल्या आणि दोन्ही पत्र्याच्या डब्यात टाकल्या.

त्या डिसेंबरात मी रजिस्टरच्या मागच्या पानावर यादी केली. बोटेही जुळत नाहीत आणि चेहराही, अशी अकरा माणसे निघाली. त्यांत एक गवंडी, एक छापखान्यातले कंपोझिटर आणि पोळ्या लाटून घर चालवलेल्या तीन बायका. या अकरा जणांचे फॉर्म आता ऑक्टोबरअखेरीस अर्धे भरून ठेवलेले असतात.

२०२५ च्या नोव्हेंबरात मावशी काठी टेकत, सुनेबरोबर आल्या. खुर्चीत बसल्या आणि सवयीने उजवा अंगठा यंत्राच्या जागेवर नेला. मी यंत्र आधीच बाजूला सरकवले होते. तिथे फॉर्म होता. मनगट थोडे वाकडे जुळले आहे, त्यामुळे सही सावकाश झाली. पेन खाली ठेवून त्या माझ्या टेबलावर काहीतरी शोधू लागल्या. मी शिक्का उचलून दाखवला, तेव्हा कुठे त्या मागे टेकून बसल्या.