तू येऊन गेलीस की

उद्या सकाळी दोन चित्रं द्यायचीयत, एकाचं नुसतं स्केच झालंय, आणि मी हे टाइप करत बसलेय. बसू दे.

मंगळवारी आईचा फोन आला. नेहमीचाच, खोकला गेला का, दादाशी बोललीस का, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तू येऊन गेलीस की आठ दिवस मला काही सापडत नाही बघ." राग नाही, टोमणा नाही, आज पाणी उशिरा आलं म्हणावं तसं म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग भाजी करपेपर्यंत ओट्याशी उभी राहिले.

विषय आयपॅडचा आहे हे कळायला मला वेळ लागला नाही. दिवाळीत गेले होते तेव्हा मीच तो अपडेट केला होता. माझा जुना, होम बटणवाला, तिला दिलेला. आयपॅडओएस २६, म्हणजे आयपॅडचं नवं सॉफ्टवेअर, सप्टेंबरात आलं होतं, त्यातली नवी विंडोवाली सोय जुन्या आयपॅडवरही चालते असं वाचलं होतं, म्हटलं बघूया. आईसाठी बघूया असं नव्हतं ते, खरं सांगायचं तर मलाच बघायचं होतं. फराळ करत करत अपडेट टाकलं, सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंगमध्ये जाऊन फुल स्क्रीनऐवजी विंडोवालं चालू केलं, तिला दोन मिनिटं दाखवलं की हे बघ पेपर एका बाजूला आणि यूट्यूब दुसऱ्या बाजूला, ती "हो का, छान" म्हणाली. तिचं "हो का, छान" म्हणजे काय हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं.

मी काय वाईट केलं पण? हेच चार दिवस डोक्यात. एवढ्या लांबून जायचं, चकल्या तळायच्या सोडून तिचं ते यंत्र साफ करायचं, फोटो लावून द्यायचे, आणि वर ऐकायचं की तू आलीस की सापडत नाही. दादा वर्षातनं एकदा येतो, कशाला हात लावत नाही, त्याचं कौतुक. असो.

शनिवारी सकाळची एसटी धरून साताऱ्याला गेले. न सांगता. आई बाल्कनीत पेपर वाचत होती, म्हणजे आयपॅडवर, आणि मी मागे उभी राहून बघत राहिले. एक पान झालं की ती अंगठा उजव्या खालच्या कोपऱ्यात नेते आणि पान उलटते. कागदी पेपर पन्नास वर्षं असाच उलटलाय तिनं, जीभ लावून. आणि नवी विंडो लहान-मोठी करायची खूण नेमकी तिथंच आहे, उजव्या खालच्या कोपऱ्यात, एक बारीक वळलेली रेघ. अंगठा लागला की पान उलटायच्या ऐवजी सगळा पेपरच आक्रसतो. माझ्या डोळ्यांदेखत तो पोस्टकार्डाएवढा झाला. ती काही बोलली नाही. चष्मा वर केला, दोन्ही हातांनी ओढून परत मोठा केला, पुढं वाचायला लागली.

मग मला बघून म्हणाली, "हे लाल-पिवळं-हिरवं सिग्नल कशाला आणलंस गं पेपरवर? परवा लाल दाबलं तर पेपरच बंद झाला."

मी म्हटलं मी नाही आणलं, कंपनीनं आणलं. पण ते चालू मी केलं होतं ना.

बसमध्ये मी मोबाईलवर जुना व्हिडिओ बघत होते, २७ जानेवारी २०१० चा, स्टीव्ह जॉब्स स्टेजवर चक्क खुर्चीत बसून आयपॅड दाखवतोय तो. एक पडदा, एक ॲप, खाली एक बटण. फाइली दिसत नाहीत, फोल्डर कुठे ठेवलं हा प्रश्नच नाही. माझ्या आईसारख्या माणसासाठीच बनवल्यासारखा होता तो. आणि माझ्यासारख्यांनी तेव्हापासून कटकट लावली की हा नुसता मोठा फोन आहे, ह्यावर काम होत नाही. मग २०१५ ला दोन ॲप शेजारी-शेजारी आली, २०१७ ला फाइल्स नावाचं ॲप आलं, २०१९ ला फोनपासून वेगळं काढून आयपॅडओएस असं स्वतंत्र नाव दिलं, २०२२ ला खिडक्या एकावर एक मांडायचं ते स्टेज मॅनेजर, जे मला अजूनही नीट जमत नाही, आणि आता खिडक्या आणि वर मेनूबार. साधा कॅल्क्युलेटर मात्र २०२४ मध्ये आला! चौदा वर्षं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी पेन आणि कॅल्क्युलेटर मिळायचा.

म्हणजे प्रत्येक वर्षी माझं एकेक मागणं पुरं झालं, तिचं मागणंच नव्हतं. ती काही मागत नाही हीच अडचण आहे. काही न मागणाऱ्याची बाजू कोण मांडणार.

मायक्रोसॉफ्टनं २०१२ ला टॅब्लेटवरही चालावं म्हणून विंडोज ८ काढलं त्यात स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं, इतकी बोंब झाली की पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत. आत्ताही तसंच, आयपॅडओएस २६ मध्ये बाजूनं सरकत येणारी ती स्लाइड ओव्हरची खिडकी काढली, लोक ओरडले, आणि नोव्हेंबरात २६.१ मध्ये ती परत आली, जरा वेगळी होऊन. ओरडलं की परत मिळतं.

आई ओरडत नाही. आई वहीत लिहिते.

ही वही मला माहीतच नव्हती. दुपारी ती पडली होती आणि मी चार्जर शोधत टीव्हीखालचा खण उघडला. पतपेढीची डायरी, जुन्या सालची. त्यात आयपॅड. तिच्या त्या सरळ, टिपणी लिहिल्यासारख्या अक्षरात: "पेपर वाचणे. १) गोल दाबणे. २) खालच्या ओळीत डावीकडून तिसरे चित्र. ३) खाली 'नंतर' येते ते दाबणे, 'आत्ता' दाबू नये." असं व्हिडिओ कॉलचं पान, लाइट बिलाचं पान, बाबांचे फोटो कुठं आहेत त्याचं पान. आणि काही पानांवर तिरकी रेघ, त्यावर "रद्द", खाली तारीख आणि आखूड सही. तहसीलमध्ये जन्म काढलेली बाई, तिला पान फाडवत नाही.

तारखा बघितल्या. १/४. ३/९. २४/१०.

पाडवा झाल्यावर. गौरी गेल्यावर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.

पाडव्याला मी तिची ॲपं 'आरोग्य', 'बँक' अशी फोल्डरात लावून दिली होती, किती व्यवस्थित दिसत होतं. गौरीत मराठी कीबोर्ड बदलून दिला, कारण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिते हे मला बरं वाटेना. आणि दिवाळीत हे. मी निघायची आणि ती बसून पान रद्द करून नवीन लिहायची. सही करून!

मी खणाशी उकिडवी बसून रडले थोडी. मग हसू आलं, कारण २४/१० च्या नव्या पानावर पहिलीच ओळ होती "सिग्नलला हात लावू नये."

मला वाटायचं की तिला सोपं हवंय. संक्रांतीला मी ते असिस्टिव्ह ॲक्सेस लावून दिलं होतं, आयपॅडओएस १७ पासूनचं, मोठमोठे चौकोन, मोजकी ॲपं, तर म्हणाली मी काय अंगणवाडीत आहे का, आणि तासाभरात काढायला लावलं. तिला सोपं नकोय. तिला अवघडाचंही काही नाही, सातबारे वाचलेत तिनं. जे जिथं होतं ते तिथं हवंय, बस. आणि हे मला समजायला काय जड होतं, मी वापरते त्या चित्रांच्या ॲपनं मागे ब्रशची यादी डावीकडनं उजवीकडे नेली तेव्हा दोन दिवस मी ह्याला-त्याला फोन करून शिव्या घालत होते, हात आपोआप डावीकडे जायचा आणि तिथं काहीच नसायचं. ते किती घाण वाटतं ते मला माहितीय. मी तेच तिच्या बाबतीत वर्षातनं तीनदा केलं, आणि वर चहा मागितला.

बाबा असते तर त्यांनी मला आयपॅडला हातच... जाऊ दे.

चारला ती उठली. मी म्हटलं, आण गं, सगळं पहिल्यासारखं करून देते, एक मिनिटाचं काम आहे, फुल स्क्रीन केलं की सिग्नलही जातील, कोपराही जाईल. खरंच एक मिनिटाचं काम आहे, त्या लोकांनी तेवढी सोय ठेवलीय, ज्याला खिडक्या नकोत त्यानं घेऊ नयेत. माझा हात पुढे गेलेला.

तिनं आयपॅड छातीशी धरला.

"नको. आता पान लिहून झालंय."

"अगं पण पेपर लहान होतो ना सारखा."

"होतो. मी मोठा करते. सहा आठवडे लागले मला, आता परत कोण बदलणार." मग जरा थांबून, "आणि कोडं सोडवताना बरं पडतं ते. एकीकडे कोडं, एकीकडे शोधायचं." म्हणजे कोड्याची उत्तरं बाई गूगलवर शोधते, आणि मला आजवर वाटत होतं की हिला सगळ्या नद्यांची नावं पाठ आहेत.

म्हणजे मी दिलेलंच वापरत होती. ह्याचा आनंद मानायचा की काय ते कळेना, कारण तोंडावर तर मला नकोच म्हणाली होती. मी नुसतं "बरं" म्हटलं. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी "बरं" वर संपतात.

आज सकाळी निघायच्या आधी तिच्या आयपॅडवर सेटिंग्जच्या चित्रावर तांबडा १ दिसला. अपडेट. माझा अंगठा सवयीनं तिथं गेला, टेकला नव्हता अजून. वर बघितलं तर ती चष्म्याच्या वरनं माझ्याकडे बघत होती, हातात झारा.

"पोहे गार होतायत," म्हणाली.

मी उठले आणि पोहे खाल्ले.